बदकांची पेटी आणि आमची म्हैस

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खुराड्याचं दार उघडं ठेवलं आणि कोल्ह्यानं आमची पाचही बदकं एका पहाटे फस्त केली. बदकं सासूबाईंच्या माहेरची. लग्नात त्यांच्या आईनं पाटीत घालून दिलेल्या जोडीचा तो वंश, आणि माहेरी आता माणूस कुणी उरलं नव्हतं. सासूबाईंनी आरडाओरड केली नाही. कडब्यात सापडलेली अकरा अंडी पदरात गोळा करून आणली आणि आबांशी बोलणं बंद केलं. भाकरी वाढायच्या, तांब्या ठेवायच्या, पण चकार शब्द नाही.

अंडी कोंबडीखाली ठेवावीत, तर त्या हिवाळ्यात मर येऊन गावातल्या कोंबड्या साफ झालेल्या. शेवटी आबांनी गाडी जुंपली आणि नंदुरबार गाठलं. बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबाची अंडी उबवायची पेटी तिथं पडून आहे, असं त्यांनी बाजारात ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पेटी गोठ्यात म्हशीशेजारी येऊन बसली. बाजूला घासलेटचा दिवा, आत अंड्यांची जाळी, जाळीखाली पाण्याचं एक पसरट पत्र्याचं भांडं. लढाईचे दिवस, घासलेट मारामारीनं मिळायचं. ते सगळं पेटीला जायचं आणि आम्ही दिवस मावळायच्या आत जेवायचो. आबा अंघोळ केल्याशिवाय अंड्यांना हात लावत नसत. देवाला इतकी वर्षं त्यांनी एवढं सोवळं दाखवलं नव्हतं.

पण शेतकरी तो शेतकरी. पेटीत पाणी पाहून त्यांचं डोकंच फिरलं. त्यांनी भांडं रिकामं केलं आणि त्यात चाळलेली राख नि वाळलेला कडुलिंब भरला, पेरणीचं बियाणं ठेवतात तसा.

मला हे बघवेना. माझं माहेर तापीकाठच्या प्रकाशा गावचं. आमची बदकं नदीतून ओलीचिंब येऊन अंड्यांवर बसायची, हे मी जन्मभर पाहिलेलं. पण मी सहा महिन्यांची सून. सासऱ्यांशी बोलायची सोय नव्हती. नवरा नंदुरबारला कापसाच्या जिनमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा यायचा. म्हणून सासूबाईंना म्हटलं, तुम्हीच सांगा.

"मी नही बोलस त्यास्नासंगे," त्या म्हणाल्या. "म्हसले सांग."

मी खरंच म्हशीला सांगितलं. आबा दिव्याची काच पुसत होते. पेंड कालवता कालवता मी म्हटलं, "म्हस माय, मन्हा माहेरनी बदक नदीमाईन ओली यीसन अंडास्वर बसस. अंडास्ले ओल लागस वं."

आबांनी काचेवरून नजर उचललीच नाही. "म्हस, तुले सांगस," ते म्हणाले, "चाळीस वरीस बियानं सांभाळं मी. ओल लागनी का सडनं."

म्हैस बिचारी दोघांचंही ऐकून रवंथ करत राहिली. घरात तिच्याइतकं समजूतदार दुसरं कुणी नव्हतं, असं मला अजूनही वाटतं.

सासूबाई गोठ्यात पाऊल टाकत नसत. मेली ती अंडी, म्हणायच्या. पण रोज सकाळी चुलीपुढून हळूच मला विचारायच्या, "दिवा जळी ऱ्हायना ना?"

एकविसाव्या दिवशी आबा स्वच्छ धोतर नेसून पेटीसमोर बसले. काही नाही. बाविसाव्या दिवशी अंडी टाकून द्यायला त्यांनी टोपली आणली. मी घाईनं म्हशीजवळ गेले. "म्हस, कोंबडीले एकवीस दिन. बदकले अठ्ठावीस लागतस."

टोपली खाली ठेवली गेली. "कोनी सांगं तुले?" आबांनी म्हशीला दरडावून विचारलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी सात अंड्यांना चीर गेली. आतून टकटक ऐकू येऊ लागली. दुपार झाली तरी चिरा तेवढ्याच. आत पिल्लांना पातळ पापुद्रा वाळून चिकटला होता; धड बाहेर येता येईना, धड आत राहता येईना. आवाज बारीक होत चालला. आबांनी भांड्यातल्या राखेकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"माय, आते काय करू?"

"आबा, राख काढी टाका. मी कोमट पानी लयस."

आम्ही दोघं पेटीवर वाकलो. माझा पदर डोक्यावरून कधी घसरला मला कळलं नाही, आणि त्यांनीही पाहिलं नाही. ओल्या फडक्यानं एकेक पापुद्रा मऊ करत गेलो. दोन पिल्लं हातातच गेली. पाच सुटली. त्यातलं एक पायानं वाकडं होतं आणि तेच सगळ्यांत जास्त ओरडत होतं.

मी सासूबाईंना हाक मारली. महिन्याभरात त्या पहिल्यांदा गोठ्यात आल्या. पाचही पिल्लं पदरात घेतली, बोट लावून मोजली, पुन्हा मोजली आणि मग रडल्या. मीही रडले. आबा उगाच दिव्याची वात खाली-वर करत उभे राहिले.

जाताना सासूबाई दारात थांबल्या. मागं न वळता म्हणाल्या, "या टाइमले दार लावज्यात."

दुसऱ्या दिवसापासून आबांचं-माझं बोलणं पुन्हा म्हशीमार्फत सुरू झालं. पण पिल्लं निघाली त्या संध्याकाळी ते मला फार जवळचे वाटले. धारेची चरवी घेऊन मी गोठ्याशी आले, तर ते खुराड्याची कडी लावत होते. लावली, हलवून पाहिली, पुन्हा लावली. मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिच्या कानाशी वाकले.

"ऐकं का?" ते म्हणाले. "बोलनी ती."