मुलगी अमेरिकेहून आलेली

आइंडहोवनच्या शाळेत बाईंनी आमच्या लेकीबद्दलचा सल्ला सांगितला, तेव्हा ती स्वतः आम्हा दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली होती. इथे असंच करतात. पोरीच्या तोंडावर तिची कुवत सांगतात आणि वर तिलाच विचारतात, तुला कसं वाटतंय म्हणून.

याला सल्ला म्हणतात, पण तो नुसता सल्ला नव्हे. नेदरलँड्समध्ये बाराव्या वर्षी प्राथमिक शाळा संपते आणि मूल पुढे कोणत्या वाटेला लागणार ते वर्गशिक्षिका सुचवते. वरची वाट विद्यापीठाकडे जाते, मधली आणि खालची वेगवेगळ्या कामधंद्यांच्या शिक्षणाकडे. पुढे वाट बदलता येते असं जो तो सांगतो, पण बदललेलं मूल दाखवा म्हटलं की कुणाला आठवत नाही. आमच्या लेकीला मधली वाट सुचवली होती. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी युट्रेख्टला विद्यापीठात जावं लागतं आणि तिथे वरच्याच वाटेने पोचता येतं.

गणित चांगलं, वाचन चांगलं, दीड वर्षात डच भाषा झकास उचलली, हे सगळं बाईंनी कबूल केलं. मग म्हणाल्या, सामाजिकदृष्ट्या ती वयापेक्षा लहान आहे. पुरावे तयार होते. ती टॉयलेटला जायला परवानगी मागते. पेन्सिलीला टोक करायलाही हात वर करते. वर्गापुढे सशांवर बोलली, तर शेवटी सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं. बाकीची पोरं खिशात घराची किल्ली घेऊन एकटी सायकलवर येतात आणि हिला आई फाटकापर्यंत सोडते. हे सांगताना बाईंचा आवाज अगदी मऊ होता. अमेरिकेहून आलेल्या मुलांचं असं होतंच, असं त्यांचं म्हणणं. तिथे शाबासकी फार आणि वाचन कमी, त्यामुळे मुलांना मोठं व्हायला वेळ लागतो.

माझं डोकंच फिरलं. आम्ही ॲरिझोनात दहा वर्षं काढली होती, लेकीचा जन्मही तिथलाच. तिथल्या शाळेत वर्गाबाहेर जायचं तर गळ्यात परवानगीची लाकडी पट्टी अडकवावी लागे, हे खरं. टाळ्याही तिथल्याच. पण विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हे तिला अमेरिकेने नाही, मी शिकवलं होतं. माझ्या पुण्याच्या माहेरचं ते वळण, पाहुण्यांच्या घरी पाणीसुद्धा विचारून प्यायचं. बाई माझ्या घरच्या वळणावर अमेरिकेचा शिक्का मारत होत्या, आणि माझा नवरा मान डोलवत होता.

घरी आल्यावर मी त्याला चांगलंच धारेवर धरलं. तो म्हणाला, ऑफिसात मी रोज हेच ऐकतो. जेवणाच्या टेबलाशी डच, जर्मन, बेल्जियन एकत्र आले की अमेरिकन हा हक्काचा विषय. त्यांना नकाशात युरोप सापडत नाही, त्यांना एकच भाषा येते आणि तीही धड लिहिता येत नाही, त्यांची मोठी माणसं टीव्हीवर पोरांसारखी भांडतात. सुरुवातीला तो समजावून सांगायला जायचा, मग त्याने नाद सोडला.

"वाद घालून काही होणार नाही," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये परीक्षा आहे. त्यात मार्क जास्त पडले की शाळेला सल्ला पुन्हा तपासावाच लागतो."

नियम तसा होताच. तेव्हा सगळी भिस्त परीक्षेवर. लेक शाळेतून आली की डचमधले उतारे आणि त्याखालचे प्रश्न सोडवत बसायची. मीही तिला एकटीला सायकलवर पाठवू लागले आणि ती वळणाआड गेली तरी खिडकीतून हलत नसे. घरात कुणी मोठ्याने बोलेनासं झालं. चुकलेल्या प्रश्नाला मी काही म्हणत नसे, पण माझ्या चेहऱ्यावर दिसतच असणार, कारण ती उत्तर तपासण्याआधी माझ्याकडे बघायची.

मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि त्याच आठवड्यात बातमी आली की कोरोनाच्या साथीमुळे यंदा ती परीक्षाच होणार नाही. आता बाईंचा शब्द शेवटचा. लेक तेव्हा टेबलाशी उतारा सोडवत होती. मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि उरलेले प्रश्नही सोडवले. मला रडू आवरेना म्हणून मी बाल्कनीत गेले.

मी बाईंची वेळ मागितली. भेट अर्थात लॅपटॉपवर. नवरा झोपायच्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये होता, म्हणून स्वयंपाकघराच्या टेबलाशी मी आणि लेक, दोघीच. बाईंच्या मागे त्यांची स्वतःची पोरं कशावरून तरी भांडत होती. मी इंग्रजीतून एकेक मुद्दा मांडत गेले आणि माझा आवाज चढत गेला. बाई शांत. मधली वाट वाईट नाही, त्या म्हणाल्या, तिथे मुलं आनंदी असतात. हे ऐकून मी टेबलाची कड घट्ट धरली. तोंडाशी आलेलं वाक्य बाहेर पडलं असतं तर उरलीसुरली आशाही संपली असती, आणि ते बाहेर पडणारच होतं.

तेवढ्यात लेकीने हात वर केला. होय, त्याही वेळी हातच. बाईंनी मान हलवली तेव्हा ती डचमध्ये म्हणाली, "मी सरळ भारतातून आले असते आणि प्रत्येक गोष्ट अशीच विचारून केली असती, तर तुम्ही काय लिहिलं असतं?"

बाई इतक्या निश्चल झाल्या की मला वाटलं इंटरनेट गेलं. यात उद्धटपणा दिसला तर?

"शिस्त आहे, असं लिहिलं असतं," बाई म्हणाल्या. "नम्र मुलगी आहे, असं."

इथल्या माणसांचं एक मानलं पाहिजे. खरं स्वतःवर उलटणार असलं तरी बोलून टाकतात. बाईंनी सारवासारव केली नाही. बाकीच्या शिक्षकांशी बोलून कळवते, म्हणाल्या आणि निरोप घेतला. पुढचे काही दिवस मी फोन हातातून खाली ठेवला नाही. भाजी करपली, तीही तशीच वाढली आणि तिघांनी ती खाल्ली.

मग शाळेची मेल आली. सल्ला बदलला होता, मधली आणि वरची दोन्ही. नव्या शाळेत पहिल्या वर्षी दोन्ही वाटांची मुलं एकाच वर्गात बसणार आणि वर्षअखेरीला मार्कांवर ठरणार. नवऱ्याने केक आणला. मी लेकीला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. आपली पोर जिंकली, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि सगळा उन्हाळा मी त्याच आनंदात होते.

सुट्टी संपली आणि नवी शाळा सुरू झाली. साथीमुळे पालकांना आत मज्जाव होता, आणि लेकीने तर फाटकाशीही यायचं नाही अशी ताकीद दिली होती. म्हणून पहिल्या दिवशी मी अलीकडच्या सुपरमार्केटपाशी सायकल घेऊन थांबले. ती आली ती एका नव्या मैत्रिणीबरोबर. मैत्रीण मोकळी होती, उतरून तिने सरळ मलाच विचारलं की तुम्ही तर सरळ भारतातून आलात ना, मग हिचं इंग्रजी असं अमेरिकन कसं?

भारत लेकीने चार सुट्ट्यांपुरता पाहिलेला. देवनागरीत तिला स्वतःचं नावही नीट लिहिता येत नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती डोळ्यांनी मला विनवत होती.

सिनेमे फार बघते, असं मी सांगितलं. मैत्रिणीला ते पटलं आणि ती पुढच्या चौकात वळून गेली.

आम्ही शेजारी शेजारी सायकल चालवत निघालो. कालव्याचा पूल ओलांडला. मग ती नेहमीसारखी इंग्रजीत म्हणाली, "आई, पहिलं प्रगतिपुस्तक हातात येऊ दे. मग सांगेन त्यांना मी कुठली आहे ते."

तिच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं, रागही नव्हता. तिने नीट विचार करून ठरवलं होतं. बाईंना तिच्यात न सापडलेला पोक्तपणा आता तिच्यात आला होता, आणि मला तो बघवत नव्हता.