परतीची तारीख

मी अमेरिकेला शिकायला निघाले त्या सकाळी आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, अर्धी वाडी गोळा झाली होती. मालगुंडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमची वाडी आहे. मोजकी घरं आणि घरटी एक होडी. दादा जीपच्या टपावर माझ्या बॅगा बांधत होता. आईने माझ्या हातावर दही ठेवलं आणि वाटी आत नेली. तेवढ्यात आमच्या शाळेतल्या बाई पुढे झाल्या. त्या घाटावरच्या, बदलीवर आलेल्या, स्वभावाने फार प्रेमळ. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मग आता परत कधी?"

आई दारातूनच गरजली. "बाई, ता इचारू नका. निघणाऱ्या माणसाला परत कवा येणार असा इचारत नाय आमी."

बाईंचा चेहरा एवढासा झाला. आईलाही मग वाईट वाटलं असावं, कारण जीप सुटेपर्यंत तिने बाईंना दोनदा चहाचं विचारलं. पण बोललं ते तिने मागे घेतलं नाही. मीसुद्धा बाईंना उत्तर दिलं नाही.

आमच्याकडे हे असंच. बाबा होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. पहाटे ते निघायचे तेव्हा आई त्यांना भाकरीचा डबा द्यायची, पाणी द्यायची, हवा कशी आहे ते बोलायची, पण कधी येणार हे तिने आयुष्यात विचारलं नाही आणि बाबांनीही सांगितलं नाही. वेळ सांगायची म्हणजे समुद्राला हिशेब विचारायचा, असं आमची माणसं मानतात. वादळात अडकून बाबा कितीतरी वेळा उशिरा आले, पण आले. शेवटी ते गेले ते घरातल्या खाटेवर, माणसांत. ते आई अभिमानाने सांगायची. "माझा घोव पाण्यात गेला नाय. मी कदी इचारलाच नाय त्याला," म्हणायची. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली, मला हसू यायचं. पण जीपमध्ये बसताना मीही 'येते' एवढंच म्हणाले.

अमेरिकेत मी दोन वर्षं शिकले, मग एका लॅबमध्ये नोकरीला लागले. तिथे बंद पाकिटातलं अन्न तपासतात. कोलंबी, सुरमई सगळं माझ्या टेबलावर येतं, कशालाच वास नसतो. मंगेशशी लग्न झालं, तो इथेच भेटला, नागपूरचा. त्याला मासा खायला मी शिकवलं. पहिल्या हिवाळ्यात बर्फ पडताना मी आईला व्हिडिओवर दाखवला तेव्हा ती म्हणाली, "मीठ सांडल्यासारा दिसता गो." त्या एका वाक्यावर मी तो हिवाळा काढला.

मग मला दिवस गेले. आमच्यात पहिलं बाळंतपण आईचं. त्यात माझी आई वाडीतल्या प्रत्येक पोराला पहिल्या आंघोळी घालणारी. पाय लांब करून पाटावर बसायची, बाळ पायांवर घ्यायची, आणि रडणारं पोर तिच्या हाताखाली गप्प व्हायचं. दुसऱ्यांची एवढी पोरं न्हाऊ घातली, आता आपल्या नातवंडाची पाळी, म्हणून ती हरखून गेली होती. मी जाऊ शकत नव्हते, तर ती येणार हे तिने ठरवूनच टाकलं. व्हिसा नावाची वस्तू मध्ये आहे हे तिला दादाने समजावलं. तिला वाटलं, एसटीच्या पाससारखं काहीतरी असेल.

अर्ज मी इथून भरला. आईचं पूर्ण नाव, जन्मगाव, बाबांचं नाव, घराचा पत्ता. बँकेत फारसं काही नव्हतं. घराच्या जमिनीच्या उताऱ्यावर बाबांच्या सगळ्या चुलतभावांची नावं, त्यात आईचं कुठेतरी तळाला. दादाने मुंबईहून येऊन तिची मुलाखतीची तयारी करून घेतली. लेक काय करते, जावई काय करतो, खर्च कोण करणार. ती सगळं पाठ म्हणायची. "आणि परत कधी येणार विचारलं तर तीन महिन्यांनी म्हण," असं दादा म्हणाला की मात्र ती पदराने भांडं पुसायला घ्यायची. दादाला वाटलं, आयत्या वेळी म्हणेल. तो मुंबईत राहून राहून विसरला होता. मला आठवण होती, पण मला वाटलं, हा काही समुद्र नाही.

तिने येताना आणायचं सामान आधीच बांधून ठेवलं होतं. अळीव, डिंक, बाळंतशेपा, आणि माझ्यासाठी एका डब्यात सोडे, म्हणजे सोललेली कोलंबी, घरच्या खळ्यात वाळवलेली. मुलाखतीला जाताना तो डबाही ती मुंबईला घेऊन गेली होती. तिला वाटलं, व्हिसा हातात पडला की तिथूनच विमानात बसवतील.

वकिलातीत दादाला आत सोडलं नाही. आत काय झालं ते आईनेच मला संध्याकाळी सांगितलं, आणि सांगताना तिला त्यात चुकीचं काही वाटत नव्हतं. काचेपलीकडे एक गोरा साहेब होता आणि शेजारी मराठी बोलणारी एक मुलगी. सगळी उत्तरं बरोबर झाली. साहेब हसलासुद्धा. मग त्या मुलीने विचारलं, "आजी, परत कधी येणार?"

"मी म्हटला, ता सांगत नाय आमच्यात."

मुलीने पुन्हा विचारलं. अंदाजे तरी सांगा, म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आई म्हणाली, "यायचा तवा येन. त्यात काय इचारायचा."

मुलीने त्याचं इंग्रजी काय केलं कोण जाणे. साहेबाने पासपोर्ट परत सरकवला आणि सोबत एक छापील कागद दिला. बाहेर फुटपाथवर दादाने तो तिला मराठीत सांगितला. तुम्ही परत जाल अशी आमची खात्री पटलेली नाही, असा त्याचा अर्थ होता. आईने तो दोनदा सांगायला लावला.

"मी?" ती मला फोनवर म्हणाली. "मी काय तितं ऱ्हायला येत हुती? माजा घर हाय हितं."

त्या साहेबाला मी पुष्कळ दिवस मनात शिव्या घातल्या. खरं तर त्याची काही चूक नव्हती. त्याच्यासमोर रोज माणसं येतात आणि न चुकता परतीची तारीख सांगतात, आणि त्यातली कितीतरी परत जात नाहीत. मी स्वतःच माझ्या मुलाखतीत शिक्षण संपलं की परतणार असं छान इंग्रजीत सांगितलं होतं. मला व्हिसा मिळाला. जिने या मुलाखतीआधी आयुष्यात घराचं दार एका रात्रीपुरतंही बंद ठेवलं नव्हतं, तिचा विश्वास कोणाला वाटला नाही.

ईशान झाला तेव्हा थंडी होती. हॉस्पिटलमधून घरी आलो आणि पहिल्या आंघोळीला मी बाथटबमध्येच पाय लांब करून बसले. बाळ पायांवर घेतलं. मंगेशने फोन बेसिनवर टेकवून ठेवला. तिकडे आई अंगणात पाटावर बसलेली, तिचेही पाय लांब, पण पायांवर कोणी नाही. ती हवेत हात फिरवून दाखवायची. "मान धर. आता पाठ. जोर नको लावू गो बाये, पान पुसतंस तसा पूस." मी तिच्या हातांकडे बघत करत गेले. मध्येच नेटवर्क अडकलं आणि तिचे हात हवेत तसेच थांबले. मी त्या थांबलेल्या चित्राकडे बघून इतकी रडले की मंगेश घाबरला आणि त्याने बाळ उचलून घेतलं.

त्या दिवसानंतर मीच म्हटलं, पुन्हा अर्ज करू. आईने आढेवेढे घेतले नाहीत. अपॉइंटमेंट मिळायला फार वेळ लागला. तोवर ईशान बसायला लागला, रांगायला लागला, फोनमधल्या आजीला ओळखून हात पुढे करायला लागला. तो हात पुढे करायचा तेव्हा आई स्क्रीनवर बोट ठेवायची. मला वाटतं तिथेच तिचं ठरलं. मी तिला तारखेचं एकदाही बोलले नाही. दादालाही बोलू दिलं नाही.

दुसऱ्या वेळी आत साहेब वेगळा होता. प्रश्न तेच. ती बाहेर आली आणि दादाच्या फोनवरून मला म्हणाली, "सांगितली गो तारीख. नारळी पुनवेच्या आदी घरी येन म्हटला." साहेबाने पासपोर्ट ठेवून घेतला होता, म्हणजे व्हिसा मंजूर. मी इकडे आनंदाने ओरडत होते, मंगेश पेढ्यांच्या गोष्टी करत होता, आणि तिकडे ती गप्प होती. मी विचारलं, बरं वाटत नाहीये का? ती म्हणाली, "बरा हाय. तोंडातून गेला ता गेला."

गावी गेल्यावर तिने ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गुरवाकडून गाऱ्हाणं घातलं. लेकीसाठी बोलले, मनावर घेऊ नको, असं काहीसं. हे मला नंतर कळलं. पासपोर्ट आला, त्यावर व्हिसा चिकटवलेला होता, दहा वर्षांचा. दादाने फोटो काढून पाठवला. फोटोतली आई रागावल्यासारखी दिसत होती. शिमगा झाला की निघायचं ठरलं. तिकीट काढलं. मी ईशानच्या खोलीत तिच्यासाठी खाट लावली, आणि फरशीवर पाट हवा म्हणून मंगेशने लाकडाचा एक तुकडा आणून घासून गुळगुळीत केला.

शिमगा आलाच नाही तिच्या वाट्याला. एका दुपारी खळ्यात वाळत घातलेली मासळी उलटायला गेली, तिथेच बसली, आणि उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

वाडीतल्या बायांनो, तुम्ही दादाला विचारलंत, बाय का नाय आली? आईचं तोंड बघायला पण नाय आली? दादाने तुम्हाला रजा नाही असं काहीतरी सांगितलं. रजा होती. इथे राहायची परवानगी होती, पण माझ्या पासपोर्टातल्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. बाहेर पडले असते तर पुन्हा आत यायला मलाही त्याच कचेरीसमोर उभं राहावं लागलं असतं, आणि नंबर कधी लागेल ते कोणी सांगत नव्हतं. वकिलीणबाई फोनवर स्पष्ट म्हणाल्या, गेलात तर महिनोन्‌महिने अडकाल. इकडे दूध पिणारं पोर होतं. आणि माझ्यासारखे जे इकडे आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही. त्यांच्यातल्या पुष्कळांनी आपल्या माणसाला फोनवरच अग्नी दिलाय. मीही दिला. मंगेशने फोन धरला होता, माझ्याने धरवेना.

मी लॅबमधली बाई. हृदय बंद पडतं म्हणजे काय होतं ते मला ठाऊक आहे. तारीख उच्चारल्याने माणूस जात नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगते आणि दिवसा मला ते पटतं. पण तिचा पासपोर्ट दादाने माझ्याकडे पाठवलाय, तो मी उघडते तेव्हा वाटतं, तिने माझ्यासाठी काहीतरी दिलं आणि मला ते घ्यायला नको होतं. असं वाटणं थांबत नाही. व्हिसा अजून चालू आहे. ती असती तर उद्याही येऊ शकली असती.

आता मला ग्रीन कार्ड मिळालंय. कुठेही जा, कधीही या. ईशान पाच वर्षांचा झाला. येत्या सुट्टीत आम्ही गावी जातोय. तो इथे जन्मला, इथला नागरिक, त्यामुळे माझ्या गावात पाऊल ठेवायला त्याला व्हिसा लागतो. परवा दुपारी जेवणाच्या टेबलावर मी त्याचा अर्ज भरायला बसले. तो शेजारी खुर्चीवर गुडघे टेकून बघत होता. प्रवासाचं कारण काय, असा प्रश्न आला. मी 'नातेवाइकांची भेट' निवडलं. मग त्यांनी नातेवाइकाचं नाव मागितलं, नातं मागितलं, पत्ता, फोन. माझी बोटं चालायला लागली. आईचं पूर्ण नाव, आजी, वाडीचा पत्ता, तिचा नंबर. तिचे अर्ज भरून भरून हातांना सवय झाली होती. सगळं लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

मी ते एकेक अक्षर पुसलं. दादाचं नाव टाकता आलं असतं, पण दादा मुंबईत असतो आणि आम्ही मुंबईला चाललो नव्हतो. वाडीत घर आहे, कुलूप लावलेलं. किल्ली शेजारी ठेवलेली असते. इकडे कोणी मला 'होम' कुठे विचारलं की मी अजून रत्नागिरी म्हणते. पूर्वी म्हणताना आईचा चेहरा समोर यायचा. आता खाडी येते, खळं येतं, दार येतं, आणि दारात कोणी येत नाही.

"आपण कोणाला भेटायला चाललोय?" ईशानने विचारलं.

मी अर्जात वर जाऊन प्रवासाचं कारण बदललं आणि 'पर्यटन' निवडलं. पुढे अर्जाने नातेवाइकाचं नाव विचारलं नाही.