गळका कोपरा

ज्या दिवशी माझ्या जावेच्या स्लॅबवर फोमची नळी चढली, त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते आजपावेतो पुरतं थांबलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, वय झालं की हेवा निवतो. कोणाचा निवत असेल त्याचा निवो बापा, माझा नाही निवला.

नालवाडीतलं आमचं घर मुळात एकच. सासऱ्यांनी एका दमात स्लॅब टाकला, आणि पुढे दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा मधून भिंत उठली. खाली भिंत आणि वर स्लॅबवर विटांची एक ओळ. ओळीच्या अलीकडे आम्ही मोठे, पलीकडे माझा दीर आणि जाऊ. माझे यजमान एसटीतून रिटायर झालेले, दिराचं बाजारात कापडाचं दुकान. आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पहिल्यापासून आमच्याकडे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही दोघी एकाच ओट्याशी भांडत आलो. माझी भाजी त्यांना खारट लागायची आणि त्यांचं बोलणं मला कडू. पण त्या आमच्याकडे होत्या, आणि त्या दुसरीकडे असू शकतात हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

स्लॅब म्हातारा झाला होता. पावसाळ्यात गळायचा आणि उन्हाळ्यात तव्यासारखा तापायचा. दोन्ही भागांची तीच गत, त्यामुळे मला त्याचं दुःख नव्हतं. सगळ्यांचंच गळतं म्हटल्यावर माणूस बादली लावतो आणि झोपतो. मग दिराने कुठूनसं ऐकून ती फोमवाली माणसं आणली.

गाडी दारात उभी राहिली, यंत्र गाडीतच राहिलं, आणि लांबलचक नळी वर गेली. तोंडाला मास्क लावलेली दोन माणसं ती घेऊन फिरायला लागली. नळीतून पिवळट पाणी पडायचं आणि पडल्या पडल्या फुगायचं. इडलीचं पीठ फुगायला रात्र घेतं, हे डोळ्यांदेखत फुगलं आणि थोड्या वेळात टणक झालं. त्यावर पांढराशुभ्र रंगासारखा थर मारला. मी दोरीवरच्या चादरीआडून पाहत होते. चादर केव्हाचीच वाळली होती, पण काढायला हात होत नव्हता.

उन्हं तापायला लागली तशी जावेने घरात स्टूल मांडून ठेवलं. येईल त्या बाईला त्यावर चढवायची. "हात तं लावून पाहा छताले! माठासारखं लागते का नाई?" सगळी गल्ली चढली त्या स्टुलावर. शेवटी मीही चढले. हात लावला. खरंच थंड होतं मेलं. मी म्हटलं, "हं, ठीक आहे," आणि घरी येऊन पंख्याखाली बसले, तर पंखा वरून नुसता विस्तव ढकलत होता. त्या दिवशी मी यजमानांवर काऊन ओरडले, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

एका दुपारी आत्याबाईंना उन्हाने भोवळ आली. दीर धावत आला. "माय, चाल आमच्याकडं. दुपारपुरती." दुपारपुरती म्हटल्यावर मी काय बोलणार? गेल्या. पहिल्यांदा त्या रिकाम्या हाताने गेल्या. मग त्यांची उशी गेली. मग पाणी प्यायचा तांब्या गेला. मग एक दिवस मी सुपारी कातरायला अडकित्ता शोधते, तर तोही जागेवर नाही. अडकित्ता गेला म्हणजे बाई गेली, हे मला बरोबर समजलं. रात्रीही त्या तिकडेच निजायला लागल्या.

"माय थंडाव्यात आहे, चांगलं आहे ना," यजमान म्हणाले.

"हो, लय चांगलं आहे!" मी म्हटलं. "जन्मभर मी केलं आणि शेवटी श्रेय त्या पांढऱ्या स्लॅबले!"

माझ्या आंगाची लाही होत होती. जाऊ रोज गेटपाशी उभी राहून सांगायची, "आत्याबाईले आमच्याकडं भल्ली झोप लागते जी." जसं काही माझ्याकडे त्या इतकी वर्षं डोळे उघडे ठेवूनच पडल्या होत्या!

सकाळी मात्र त्या यायच्या. जावेच्या स्लॅबवर काही मांडायची सोय नव्हती. खाटेचे पाय रुततात, मिरचीचा डाग बसतो, चपला नको, ओझं नको. माकडांची टोळी उतरली की जाऊ लाठी घेऊन किंचाळत वर पळायची, नखांनी फोम उकरतील म्हणून. त्यामुळे वाळवण काय ते माझ्याच तापलेल्या स्लॅबवर. आत्याबाई भिंतीला हात धरून एकेक पायरी चढायच्या, जिन्याच्या खोलीच्या सावलीत बसायच्या आणि काठी हलवून कावळे हाकायच्या. मी कुरडया घालायची, त्या चुका काढायच्या. "तुहा चीक पातळ झाला. मी सांगतलं होतं." ऊन चटकायला लागलं की उतरायच्या आणि सरळ पलीकडे. मी त्यांचं ते पलीकडे जाणंच तेवढं पाहायची. येणं मी हिशेबात धरलंच नव्हतं.

यजमानांनी आधी चुना मारून पाहिला. स्वतः अंगणात खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकल्या, माणूस लावून दोन हात मारून घेतले. थोडा फरक पडला. आत्याबाई आल्या नाहीत. मग मी हट्टच धरला. मला स्लॅब पांढरा पाहिजे होता, जावेच्या स्लॅबहून पांढरा, आणि आत्याबाईंची उशी परत पाहिजे होती.

स्लॅबचं काम करणारा आला, त्याने स्लॅब ठोकून पाहिला. "काकू, तुम्हाले फोमची गरज नाई. भेगा भरतो, जाळी लावतो, वरून कोटिंग मारतो. गळणं बी थांबते अन् ताप बी कमी होते." शेवाळ खरवडलं, तारेच्या ब्रशने घासलं, भेगा भरल्या, त्यावर जाळीचं कापड दाबलं. मी छत्री घेऊन उभी होते. पहिला हात वाळला, दुसरा वाळला. ओळीपलीकडे जाऊ कपडे वाळत घालायचं सोंग करून पाहत होती. तिचं तोंड पाहून माझ्या जिवाला एवढा थंडावा वाटला की कोटिंगची गरजच उरली नव्हती.

शेवटचा हात मारायला माणसं चढली त्या सकाळी आत्याबाई जिन्याने वर आल्या. एका हातात काठी, दुसऱ्यात भिजल्या मुगाच्या डाळीचं भांडं. वरच्या पायरीवर थबकल्या.

"अवो, मुगवड्या कुठं घालशीन आता?"

"घालू कुठंतरी. पेपर टाकून अंगणात घालू. आता इथं काही मांडायचं नाई, डाग पडतीन, आत्याबाई. तुमच्याचसाठी तं करून राह्यली मी हे. घर थंड झालं का या आपल्या घरी."

"घरी तं रोज येतो मी."

"कुठं येता? पलीकडेच तं असता."

"सकाळी कुठं येतो मग? इथंच तं येतो ना." त्यांनी काठीने पांढऱ्या स्लॅबकडे दाखवलं. "तिच्या स्लॅबवर पाय ठेवू देत नाई. आता तुह्यावर बी नाई. मंग मी येऊ कायले?"

आणि त्या वळल्या. भांडं तसंच हातात धरून एक पायरी उतरल्या.

हातचं सोडून पळत्यापाठी लागणं म्हणतात ते हेच. उशीसाठी मी सकाळचं येणं घालवून बसले होते.

"थांबा!" मी ओरडले. आत्याबाईही थांबल्या आणि ब्रशवाला माणूसही. "तो जिन्याजवळचा कोपरा राहू द्या. खाटेएवढा. तिथं हात मारू नका. मारलं ते बी खरडून काढा."

काम करणारा माझ्याकडे पाहतच राहिला. "काकू, मंग तिथूनच गळीन. सगळं पाणी तिथंच शिरते."

"शिरू द्या."

"खाली काय आहे त्याच्या?"

"माझी खाट."

"मंग खाट तरी सरकवा."

"कुठं सरकवू? एकीकडे देव्हारा, एकीकडे कपाट. तुम्ही तुमचं काम करा जी."

"उद्या मले बोल लावू नका मंग."

"नाई लावत."

त्याने कपाळाला हात लावला आणि कोपरा खरवडला. यजमान खालून ओरडले, "तुले अक्कल आहे का?" मी म्हटलं, "आहे तेवढी पुरे." आत्याबाई परत चढल्या, सावलीत टेकल्या आणि डाळीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "मीठ कमी टाकजो," एवढंच म्हणाल्या.

पावसाळ्यात तो कोपरा गळलाच, आणि गळला तो नेमका माझ्या पायथ्याशी. बाकी घर कोरडं आणि मी बादलीला पाय लावून निजलेली. घर थंड झालं, खरोखर झालं. पण आत्याबाई निजायला परत आल्या नाहीत. सवय झाली म्हणतात. उशी तिकडे, तांब्या तिकडे, अडकित्ता तिकडे. मला अजून राग येतो, आणि मी तो लपवत नाही.

परवा यंदाच्या कुरडया घातल्या. आत्याबाई काठी घेऊन बसल्या होत्या, ऊन चढलं तशा काठी तिथंच ठेवून, भिंत धरून हळूहळू उतरून गेल्या. मी पाट उचलणार, तोच विटांच्या ओळीवरून जाऊ आली. हातात चिकाचं पातेलं, सोऱ्या आणि खाली मान.

"बाई, माह्या थोड्या घालू का इथं? माह्याकडं जागा नाई."

मी सरकले. ती मुकाट्याने सोऱ्या दाबायला लागली. दोन कुरडया झाल्या आणि तिचा हात थांबला.

"एक सांगू का? आत्याबाई माह्याकडं नुस्त्या झोपतात." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "मी फोम मारला, नवी गादी केली, पाय दाबून देतो. अन् डोळे उघडले का पयला शब्द, 'मोठी चढली का वर?' मले भल्ला राग येते जी तुमचा."

अशा वेळी चांगल्या बाईला दया यायला पाहिजे. मला नाही आली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, आणि त्या तोंडावर दिसू नयेत म्हणून मी कावळे नसतानाच काठी हलवली.

"नीट घाल," मी म्हटलं. "तुह्या कुरडया कोपऱ्याबाहेर चालल्या."

यंदाही तो कोपरा गळेल. बादली मी आत्ताच घासून ठेवली आहे.