नाव न घेतल्याचं शून्य

अन्याय माझ्या चुलतीवर झाला. गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, बीडच्या एका दवाखान्यात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. करणाऱ्यांत मीही होतो. ऊसतोड कामगारांच्या या पत्रकात आम्ही लिहिणारे नेहमी दुसऱ्यांकडंच बोट दाखवतो, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

आमचं गाव शिरूर कासारकडचं. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. गेल्या हंगामात चुलती डोक्यावर वाढ्यानं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यानं, बांधलेली मोळी घेऊन गाडीला लावलेल्या फळीवरून चढत होती. पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं. जीव वाचला, पण सकाळचं दुपारी आठवेना. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. चूल पेटवायची आणि शेजारी जाऊन बसायची. तोडीसाठी आगाऊ पैसे देऊन माणसं नेणारा मुकादम म्हणाला, "धडधाकट तर दिसती. दवाखान्याचा कागद आणा, मग बघू." कागद मिळाला तर तिला पुन्हा त्या फळीवर चढावं लागणार नव्हतं. एवढ्यासाठी ती तपासणी.

तपासणाऱ्या मॅडम शहरात वाढलेल्या, माझ्याच वयाच्या. आवाज मऊ. त्यांनी बैल, टोपली, चंद्र असे शब्द सांगितले, मध्ये दुसरंच काही बोलल्या आणि मग ते शब्द परत विचारले.

"कोन्ते शब्द, बाई? तुमी तर आत्ताच आलाव."

मॅडमनी कागदावर शून्य मांडलं. हे शून्य खरं होतं. अशी खरी शून्यं पुढं बरीच पडली. मग मॅडमनी नवऱ्याचं नाव विचारलं. चुलतीनं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली.

"आठवत नाही का?"

तिनं माझ्याकडं बघितलं.

कारण मला माहीत होतं. आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाहीत. रेशनच्या दुकानातसुद्धा शेजारणीला सांगायला लावतात. घेतलंच तर उखाण्यात. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मी मनात म्हटलं, नवऱ्याचंच नाव विसरली म्हटल्यावर शंका कोण घेणार? मॅडमनी शून्य लिहिलं. मी लिहू दिलं.

बाहेर बाकड्यावर चुलता बसला होता. शेजारी वडवणीकडची एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती, बोलकी. चुलती बाहेर येऊन तिच्याजवळ बसली आणि दोघींच्या गप्पा जमल्या.

"मालक का ह्ये? मंग नाव घ्या की!"

"इश्श! ह्या वयात?"

"लाजता कावून? घ्या, माझ्या सुनंला ऐकू द्या."

चुलतीनं पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "उसाच्या मोळीला वाढ्याची गाठ," आणि पुढं चुलत्याचं नाव घेऊन, "यांच्या कोयत्याला माझ्या कोयत्याची साथ."

म्हातारीनं टाळी दिली, सून हसली, चुलता लाजून भिंतीकडं बघायला लागला. मॅडम डबा खायला निघाल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

कागदावर आलं: मुद्दाम चुकीची उत्तरं देत असल्याचा संशय, निकाल भरवशाचा नाही. बैल, टोपली, चंद्र, सगळं खोट्यात गेलं. मी भांडलो, नाव न घेण्याची रीत तेव्हा कुठं सांगितली. लग्नातला उखाणा आठवणं आणि सकाळचा चहा विसरणं एकाच डोक्यात राहू शकतं, हे तुम्हाला शिकवलं नाही का? एक उत्तर गडबडलं म्हणून बाईच खोटी? ती गप्प का आहे, हे विचारायचे कष्ट कुणी घेतले?

"शिकवलंय," मॅडम म्हणाल्या. "पण कारण तुम्हाला माहीत होतं ना? मी लिहीत होते तेव्हा का नाही बोललात?"

त्यांचं चुकलं, हे मी आजही म्हणतो. पण तेव्हा मी कागद घडी घालून खिशात टाकला आणि चुलतीला घेऊन निघालो.

मुकादमाला तो कागद लई आवडला. "सोंग हाय, मी म्हनलो न्हवतो?" दसरा जवळ येतोय. चुलता मला एवढंच म्हणाला, "तुला ठाव व्हतं, बाळा." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. आणि चुलती? तिला तपासणी झालेलीच आठवत नाही. मी घरी गेलो की दर वेळी विचारते, "त्या दवाखान्यात कवा जायचं रे? मी समदं खरं खरं सांगन."

परत तपासणी करा, असा अर्ज मी दिलाय. त्यात माझी लबाडी माझ्या सहीनिशी लिहिलीय. मंजूर होईल की नाही, माहीत नाही.

तुमच्याकडं मागणं एकच. तुमचं माणूस तपासणीच्या खुर्चीत गप्प बसलं आणि का ते तुम्हाला माहीत असलं, तर तोंड उघडा. त्यानं फायदा होवो की तोटा, तिथंच बोला, समोरच्यानं शून्य लिहायच्या आधी.