मावशीचा पाव सुटला

माझी मावशी तेवीस वर्षं एका बेकरीत पीठ मळत होती. बेकरीत यंत्र होतं, पण मालकीणबाईंचा भरवसा यंत्रापेक्षा मावशीच्या मनगटांवर जास्त होता. वरून कडक आणि आतून ओलसर असा लांबट पाव तिथे मिळायचा, त्याचं पीठ तिच्याच हातचं लागायचं. त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मूठभर पीठ दाबून बघायची आणि आज किती पाणी पिणार ते सांगायची. सकाळी भट्टीतून पहिली खेप निघाली की त्यातला एक पाव मोडायचा, अर्धा तिथेच उभ्याने खायचा आणि अर्धा रुमालात गुंडाळून काकांसाठी घरी न्यायचा, हा तिचा शिरस्ता.

काका म्हणजे तिचे यजमान. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. मापाला पक्के आणि बोलण्यात भलतेच काटकसरी. पाव खाऊन झाला की "चांगला आहे" म्हणायचे. तेवीस वर्षांत दुसरा शब्द नाही.

पन्नाशीला टेकता टेकता मावशी वाळायला लागली. जिना चढताना मध्येच थांबायची, आणि कोणी बघितलं तर चप्पल नीट करतेय असं दाखवायची. तोंड सारखं आलेलं. रक्त कमी म्हणून कुणी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या तिने वर्षभर घेतल्या, पण रक्त काही जागचं हलेना. माझ्या आईने, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीने, ठरवूनच टाकलं की ही पोटभर जेवत नाही. मग मावशी बिचारी जास्त जेवायला लागली, म्हणजे जास्त पाव खायला लागली.

शेवटी एका नव्या डॉक्टरबाईंनी तिचं रक्त वेगळ्याच तपासणीला पाठवलं आणि कागद समोर ठेवून सांगितलं, सिलिॲक दिसतोय. गव्हात, जवात आणि राय नावाच्या परदेशी धान्यात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. या आजारात ते पोटात गेलं की शरीर चवताळतं आणि स्वतःच्याच आतड्याला ओरबाडून सपाट करून टाकतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध काही नाही. ही धान्यं जन्मभर बंद, अगदी कणभरसुद्धा चालणार नाहीत.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

पण बाईंनी एक अट घातली. खात्री करायला तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढावा लागणार होता, आणि त्याची तारीख बारा दिवसांनंतरची होती. तोवर गहू बंद करायचा नाही, नाहीतर तपासणी फसते. म्हणजे जे जन्मात पुन्हा खायचं नाही, ते बारा दिवस खायलाच हवं होतं.

मावशीने ते दिवस वाटून घेतले. एक दिवस पाव भट्टीतून काढल्या काढल्या खाल्ला, बोटं भाजली तरी. एक दिवस लोणी लावून. एक दिवस शिळा, दुधात बुडवून, लहानपणी खायची तसा. आणि शेवटच्या दिवसासाठी तिने ठरवलं होतं की एक अख्खा पाव घ्यायचा, घराच्या पायरीवर बसायचं आणि घाई न करता, कुणाशी न बोलता, सगळा संपवायचा.

अकराव्या दिवशी दुपारी दवाखान्यातून फोन आला. उद्या सकाळची एक जागा रिकामी झाली आहे, येऊन जा. संध्याकाळी हलकं काहीतरी घ्या, मग पोट रिकामं ठेवा. नेमकी त्या दिवशी बेकरीत मोठी मागणी होती. मावशी सुटली ती पाय ओढत घरी आली, चार घास भात खाल्ला आणि आडवी झाली. दुसऱ्या दिवशी नळी घालून झाली आणि बाई म्हणाल्या, आजपासून बंद.

परत येताना बसमध्ये ती एकदम काकांकडे वळली. काल आपण पाव कधी खाल्ला, हे तिला आठवेना. आतून नीट भाजलाय का बघायला तिने दिवसभरात पाच-सहा पाव तरी मोडले होते. त्यातला एखादा तुकडा सवयीने तोंडात गेलाच असणार. पण कुठला, कधी, काही केल्या आठवेना.

"तेवढा तरी नीट खायचा होता हो," ती म्हणाली.

काकांनी तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

आठवड्याने निकाल आला. सिलिॲकच होता. मग काकांनी अक्षरशः घर भिंगाखाली घेतलं. लाकडी पाट, जुनी चाळण, टोस्टर, सगळं शेजाऱ्यांना देऊन टाकलं. दुकानातलं एक भिंग घरी आणलं आणि सॉसच्या बाटलीपासून डोकेदुखीच्या गोळीपर्यंत प्रत्येक वेष्टनावरची बारीक अक्षरं ते वाचू लागले. घरात गहू येणार नाही, मीही खाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. गव्हाबरोबर किडे रगडले जातात म्हणतात, इथे गहू गेला आणि काका रगडले गेले.

मावशीने घरी पाव करून पाहिला. तांदळाचं पीठ, मक्याचं पीठ, बटाट्याचा स्टार्च आणि पीठ धरून राहावं म्हणून इसबगोल. पहिला पाव ताटात आपटला तेव्हा आवाज आला. काकांनी तो हातात घेऊन वजन अजमावलं.

"मागचं दार वाऱ्याने आपटतं, तिथे बरा बसेल," ते म्हणाले.

मावशी हसत सुटली. खरंच दोन दिवस ते दार त्या पावाने थांबवलं. पण पुढच्या वेळी पीठ कालवताना ती हात तसाच ठेवून उभी राहिली. नंतर मला म्हणाली, "हे पीठ ओढच घेत नाही गं. गव्हाचं कसं, आपण ओढलं की तेही ओढतं. हे नुसतं हाताला चिकटून बसतं."

बाहेर खाणं तर अवघडच. एकदा आमच्याकडे आली होती. आईने सगळं वेगळं केलं, नवीन पातेली काढली, आणि ऐन वेळी आमच्या शेवयांतला चमचा तिच्या रश्शात फिरवला. मावशी तीन दिवस अंथरुणाला खिळली. चमचा कुठला होता हे कळल्यावर आई रागावली ती स्वतःवर, पण बोलली मावशीला. आता माझ्या हातचंही तुला चालत नाही का, म्हणाली. तेव्हापासून मावशी कुठेही जायची ती आपला डबा घेऊन. सगळे जेवायला बसले की हीही डबा उघडायची, आणि कोणी "तुझ्या डब्यात काय?" असं विचारलं की झाकण थोडं आपल्याकडे ओढून घ्यायची.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. त्यात या आजाराचा जो आकडा बघतात, तो जितका उतरायला हवा होता तितका उतरला नव्हता. डॉक्टरबाईंनी विचारलं, खाण्यात काही चुकतंय का? काकांनी वही पुढे केली. रोजचं खाणं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं. बाईंनी ती पानं चाळली. बोट ठेवायला जागा नव्हती.

"तुम्ही काम काय करता?"

"दुकानात आहे."

"कसलं दुकान?"

मावशीने काकांकडे बघितलं. काकांनी आपल्या बुटांकडे.

"बेकरी," मावशी म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पीठ तुम्ही खात नाही, पण ते हवेत उडतं, नाकातोंडात जातं आणि शेवटी पोटातच पोचतं, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही तेही बंद करायला लावलं असतं," मावशी म्हणाली.

तिला माहीत होतं. सहा महिने ती तोंडाला फडकं बांधून पीठ मळत होती आणि ताकास तूर लागू देत नव्हती. खाणं गेलं तर गेलं, निदान हात तरी पिठात राहू देत, एवढंच तिला हवं होतं.

मालकीणबाईंनी तिला विक्रीच्या टेबलावर बसायला सांगून पाहिलं, पण टेबल आणि भट्टी एकाच खोलीत, मध्ये भिंतसुद्धा नाही. शेवटी मावशीने आठवडाभर लांबूला शिकवलं. लांबू म्हणजे भट्टीवरचा उंच माणूस, दारातून वाकून आत यायचा म्हणून ते नाव. त्याचे हात मोठे आणि घाई फार. पिठाला कुस्ती नको, त्याला पटवायचं असतं, असं ती त्याला पुन्हा पुन्हा सांगायची. शेवटच्या दिवशी तिने कोपरापर्यंत हात धुतले, नखांतलं पीठ काढलं आणि एप्रन खुंटीला लावला. सगळे येऊन अवघडून उभे राहिले. निरोपाला द्यायचं म्हटलं तर बेकरीतल्या माणसांना पावाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं, आणि तो तर देता येत नव्हता.

पुढे शेजारणीने तिला पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम बघून दिलं. पहिल्याच सकाळी तिथे मोठ्या पातेल्यात काहीतरी शिजत होतं. चिकटवायची खळ होती, मैद्याची. मावशी दारातूनच परत फिरली. "मैदा माझी पाठ काही सोडत नाही," असं ती घरी येऊन हसत म्हणाली. मग महिन्याभराने तिला रोपवाटिकेत काम मिळालं. माती, वाळू आणि खत एकत्र करून पिशव्या भरायच्या. तिथला माळी तिला म्हणायचा, "बाई, माती कालवायची असते, मळायची नसते." ती ओशाळून हात सैल सोडायची. थोड्या वेळाने बघावं तर मनगटं पुन्हा फिरतच असायची.

त्याच सुमारास काका दर गुरुवारी घरी उशिरा येऊ लागले. एका गुरुवारी मावशी त्यांना बघायला निघाली. त्यांच्या दुकानाच्या वाटेवर बागेच्या कोपऱ्यावर एक बाक आहे, त्यावर काका रस्त्याकडे पाठ करून बसले होते. मांडीवर कागद, कागदावर अर्धा पाव. खाऊन झाल्यावर त्यांनी कोट झटकला, नळावर जाऊन चूळ भरली, हात साबणाने धुतले. साबणाची वडी खिशातून आणली होती. मावशी झाडामागून तशीच परत आली.

पुढच्या गुरुवारी ती जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. काकांचा घास घशातच अडकला.

"लांबूने केलाय?" तिने विचारलं.

"हो. उद्यापासून मी..."

"खा हो. तुम्हाला कुठे कोणी बंद केलाय?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "कसा झालाय, सांगा."

"चांगला आहे."

"तसं नाही. नीट सांगा. साल कशी आहे?"

काकांनी एक तुकडा चावला आणि डोळे मिटले. गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर सांगताना जशी सावधगिरी बाळगायचे तसे बोलायला लागले. "कडक आहे. पण आधी तडकते, मग लगेच मऊ पडते."

"आत?"

"ओलसर. भोकं बारीक आहेत. तुझ्या पावात मोठी असायची."

"आणि चव?"

"थोडी आंबट. मागाहून गोडसर लागतं. म्हणजे असं बघ, तू कामावरून यायचीस तेव्हा तुझ्या पदराला वास यायचा ना, तसं."

मावशीने तोंड रस्त्याकडे फिरवलं. "आणखी एक घास घ्या," म्हणाली.

तेव्हापासून गुरुवार ठरला. एका टोकाला काका, एका टोकाला मावशी, मध्ये चांगली हातभर जागा. ती आपल्या डब्यातलं खायची. तिचा घरचा पाव आता बराच सुधारला होता, नीट कापता येत होता, भाजून खाल्ला तर बराही लागायचा. पण ती त्याला पाव म्हणत नाही. 'डब्यातलं' म्हणते. पुढच्या दोन तपासण्यांत आकडा उतरला, रक्त वाढलं. आता ती जिना न थांबता चढते. गालही भरलेत. लोक तब्येत छान झाली म्हणतात, ती हो म्हणते.

मी तिला एकदा विचारलं, की आता तरी आठवण कमी झाली का? ती म्हणाली, "दात काढला तरी जीभ तिथेच जाते ना गं."

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी काकांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. त्यांना सांगावं की नाही ते कळेना.

"काय झालं?" मावशीने विचारलं.

"आज अगदी तुझ्यासारखा झालाय."

मावशीने डब्याचं झाकण लावलं. नवीन हाताला जमलं म्हणून तिला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच काहीतरी खुपलं. ती उठली आणि बेकरीच्या गल्लीकडे चालू लागली. दोन वर्षं ती गल्ली टाळून लांबून जात होती. काका उरलेला पाव कागदात गुंडाळून मागोमाग निघाले.

बेकरीच्या काचेबाहेर ती उभी राहिली. आत जायचं नव्हतंच. कुणीतरी दार उघडलं तसा वास आला, आणि ती तिथेच डोळे मिटून, तो वास विरेपर्यंत उभी राहिली. डोळे उघडले तेव्हा लांबू भट्टीतून नवीन खेप काढत होता. त्याने तिला बघितलं, ओळखलं, आणि पावांनी भरलेला पत्रा दोन्ही हातांनी उचलून काचेपाशी आणला.

मावशीने निरखून पाहिलं. रंग किंचित फिका होता. तिने दोन बोटं वर केली, आणखी दोन मिनिटं. लांबू हसला, मान डोलावली आणि पत्रा पुन्हा भट्टीत सरकवला.

"चला," ती काकांना म्हणाली. वाटेत त्यांनी भाजी घेतली. घरी आल्यावर काकांनी हात धुतले, आणि मावशीने तांदूळ निवडायला घेतले.