टवक्याच्या ग्लासातलं सरबत

मला बघायला आलेल्या पाहुण्यांना मी मुद्दाम काही वाईट प्यायला दिलं नव्हतं, एवढं आधीच सांगून ठेवते.

नव्वदीतली गोष्ट. आम्ही अवसरी बुद्रुकचे. आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या उन्हाळ्यात साखर निघाली. अण्णा कांदा घेऊन मंचरला जायचे, तहान लागली की बाटलीतला थंडा प्यायचे, थंडा प्याला की थोड्या वेळानं आणखी तहान. मग आणखी थंडा! (आई म्हणायची, "कांदा विकाया जाता का बाटल्या रिकाम्या कराया?") शेवटी पायाला झालेली जखम काही केल्या भरेना, तेव्हा आईनं त्यांना मंचरच्या डॉक्टरकडे ओढत नेलं.

"दिवसभर पिता काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"च्या सोडला की कवाच, पित्त व्हतं. नुसता थंडा."

"अहो, तोच तर घात करतोय! चावायचं नाही, पचवायचं नाही, साखर थेट रक्तात. म्हणून तहान लागते आणि म्हणूनच जखम भरत नाही."

"मंग उसाचा रस?"

"नाही."

"लिंबाचं सरबत?"

"साखर घालून अजिबात नाही."

"आवं, मंग पावण्याकडं गेल्यावं प्यायचं काय मानसानं?"

"पाणी."

पाणी! अण्णा असं तोंड करून घरी आले. जणू डॉक्टरनं त्यांना वाळीत टाकलं होतं!

आणि नेमकं त्याच आठवड्यात मंचरचे कापडवाले शांतिलालशेठ माझ्यासाठी स्थळ घेऊन आले. मुलगा पिंपरी पेंढारचा, नोकरी घोडेगावला. मी तेव्हा घोडेगावलाच कॉलेजात. तो एसटीत दोन-चारदा दिसलेला आणि (आईला सांगू नका) आवडलेला. त्याआधी एक स्थळ माझ्या उंचीवरून मोडलेलं, दुसरं रंगावरून. हे मोडलं असतं तर मी विहिरीत नसती उडी मारली, पण विहिरीपर्यंत चालत नक्की गेले असते.

शेठनी जाताना अण्णांना बाजूला घेतलं. "एक सांगतो भाऊ. साखरेचं नाव काढू नका. लोक म्हणतात, घराण्यात रोग आहे, उद्या पोरीला होईल. स्थळ हातचं जाईल."

झालं! आता पाहुण्यांसमोर अण्णांनी सरबत नाकारायचं नाही, आणि प्यायचंही नाही. यावर तोडगा काढला मी. (माझ्या अकलेचं तेव्हा घरात फार कौतुक होतं. नंतर कमी झालं.) त्या काळी नारंगी सरबताची पावडर मिळायची. पाकिटातून यायचा नुसता रंग, वास आणि आंबटपणा. साखर आपली आपण घालायची. मी ठरवलं, सगळ्यांना साखरेचं द्यायचं, अण्णांच्या ग्लासात पावडर तेवढी आणि साखर शून्य. रंग तोच, वास तोच, कुणाच्या बापाला कळणार नाही! ओळखू यावा म्हणून अण्णांसाठी काठाचा टवका उडालेला ग्लास ठेवला. फुटका ग्लास पाहुण्याला कोण देतं? तो घरच्यालाच.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याचे वडील तात्या, आणि शेठ. मी डोक्यावर पदर घेऊन, ट्रे घेऊन, नजर जमिनीवर लावून बाहेर आले. टवका बरोबर अण्णांच्या बाजूला. अण्णांनी हात पुढे केला, तोच तात्यांनी तो ग्लास उचलला!

"आवं पावणं, त्यो फुटका हाय!" अण्णा ओरडलेच.

"असू द्या की. आमी काय परकं हाय व्हय? चांगला तुमी घ्या."

"न्हाई न्हाई, तुमाला मानाचा..."

"मान कसला राव, घरचीच मानसं आपुन!"

दोघं ग्लास ओढू लागले. शेठ म्हणाले, "घेऊ द्या हो त्यांना, प्रेमानं घेतायत," आणि निकाल लागला. तात्यांनी ग्लास तोंडाला लावला. मी डोळे मिटले. शेजारच्या बंड्यानं एकदा ते बिनसाखरेचं चाखलं होतं, तर त्याचा एक डोळा बराच वेळ उघडला नव्हता.

"वा!" तात्या म्हणाले. "लई झकास! आजून हाय का गं पोरी?"

मी डोळे उघडले. तात्या हसत होते. आणि अण्णा? कित्येक दिवसांनी साखर पोटात गेलेली. माणूस देवळातनं आल्यासारखा दिसत होता. त्यांनीही ग्लास पुढे केला. "मला बी आन."

आत आई. तिला बाहेरचं काहीच ठाऊक नाही. टवक्याचा ग्लास रिकामा बघून म्हणाली, "गुणाचं गं बाई माझं मालक! सगळं पिलं, हूं न्हाई का चूं न्हाई!" आता हिला काय सांगू? मी गुपचूप टवक्यात तात्यांसाठी पुन्हा बिनसाखरेचं ओतलं, दुसऱ्या ग्लासात साखरेचं, आणि बाहेर गेले.

तात्या दुसरा ग्लास पिऊ लागले, तशा मुलाच्या आई लाल होत चालल्या. आधी त्या खोकल्या. मग त्यांनी तात्यांना कोपर मारलं. तात्या पीतच राहिले. शेवटी त्यांनी भर बैठकीत नवऱ्याच्या हातातला ग्लास हिसकावून घेतला!

बाईंनाही आपण काय केलं ते कळलं. सावरायला म्हणाल्या, "मला बी लई तहान लागलीय," आणि एक मोठा घोट घेतला.

त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. आधी नाक गोळा झालं, मग डोळे, मग आख्खा चेहरा मधोमध येऊन थांबला.

"आगं बया! आंबटढाण! ह्यात साखरच न्हाई!" त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, तुला साधं सरबत येत न्हाई व्हय गं? का पावण्यांची साखर वाचवाया लागलीस?"

गेलं हेही स्थळ! उंचीवरून गेलं, रंगावरून गेलं, आता सरबतावरून! मला रडूच कोसळलं. मुलगा बिचारा कधी माझ्याकडे, कधी आपल्या रिकाम्या ग्लासाकडे बघत होता.

तेव्हा अण्णा उठले. "बाई, पोरीला बोल लावू नका. त्यो गिलास माझा व्हता. मला साखर हाय. मोडायचं तर माझ्यामुळं मोडा."

आणि आतून आईचा आवाज, पदर-बिदर सगळं विसरून, "म्हंजी साखरेचं दोन गिलास तुमी ढोसलं?"

"आगं, पावणं बसल्यात..."

"बसू द्या! घेऊ द्या त्यास्नी बी ऐकून!"

हा कल्ला चालू असताना तात्या शांतपणे म्हणाले, "साखर तर मला बी हाय."

आता शेठनी आपला ग्लास खाली ठेवला आणि चपला शोधायला सुरुवात केली. दोन्हीकडच्यांनी त्यांना धरलं. "शेठ, तुमीच म्हनला व्हता, नाव काढू नका!"

"मी तुम्हालाही म्हणालो आणि त्यांनाही म्हणालो!" शेठ घाम पुसत म्हणाले. "लग्न जमवायचं म्हणजे काय सोपं काम आहे का भाऊ?"

"आन् तुमी?" मुलाच्या आईनं तात्यांना विचारलं. "असलं जहर झकास म्हनून पिलात?"

"मला वाटलं, शेठनी पोरीच्या कानावं घातलं. तिनं चारचौघांत माझी लाज राखून गुपचूप बिनसाखरेचं केलं. म्हनलं, अशी सून शोधून न्हाई सापडायची! मग काय, दात वाकडं झालं तरी पिलो." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नगं. पसंत हाय पोरगी."

मी रडतच हसले. शिवणकाम, भरतकाम, बीकॉमची दोन वर्षं, कुणी काही विचारलं नाही. जगात मुली चांगलं रांधून नवरा मिळवतात. मी बिघडवून मिळवला!

पण गोष्ट तिथं संपली असती तर बरं झालं असतं. लग्नानंतर पिंपरी पेंढारला नवी नवरी बघायला आख्खी भावकी लोटली. तात्या अभिमानानं म्हणाले, "सूनबाई, ते आपलं सरबत कर सगळ्यास्नी!" सासऱ्यांचा शब्द मोडायचा कसा? मी पातेलंभर केलं, तात्यांना आवडतं तसंच. भावकीनं एकेक घोट घेतला, एकमेकांकडे बघितलं, आणि सगळ्यांना एकदम धारा काढायची आठवण झाली. भर दुपारी!

डॉक्टरांना मंचरात बसून जे जमलं नाही, ते मी एका पातेल्यात करून दाखवलं. आजही आमच्या दारात पाहुणा आला आणि मी स्वयंपाकघराकडे वळले की तो मागून घाईघाईनं ओरडतो, "वैनी, कायबी करू नका! नुसतं पानी द्या!"