खोलीचा निधी आणि जंगलाची हद्द

शाळेच्या समितीवर माणूस गेला, की काम एक होतं आणि किस्से दहा जमतात. मी आठवीत शाळा सोडलेली. पोरगी पहिलीत गेली, तेव्हा पालक म्हणून मला समितीवर घेतलं. मिटिंगमध्ये मी फारसा बोलत नाही, त्यामुळे सगळं नीट ऐकू येतं.

आमचा पाडा कल्याणजवळ, डोंगराखाली. शाळा जिल्हा परिषदेची. खोली एकच, चारही वर्ग तिच्यात. यंदा दुसऱ्या खोलीसाठी सरकारी निधी मंजूर झाला. अट अशी, की मार्चअखेर काम सुरू झालं नाही तर निधी परत. आणि शाळेला लागूनच वनखात्याची जमीन.

*

आधी समितीचा ठराव हवा. सदस्य बहुतेक आया, आणि त्या सकाळीच वालाच्या शेंगा विकायला मानपाड्याला. शेवटी गुरुजी रजिस्टर घेऊन तिथल्या नाक्यावर गेले. मिटिंग टोपल्यांच्या मध्ये भरली. मीपण कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत आलेलो.

एका गिऱ्हाईक बाईंनी गुरुजींनाच विचारलं, "शेंगा कशा दिल्या?"

गुरुजी मान खाली घालून लिहीत होते. म्हणाले, "थांबा, आधी ठरावाला हात वर करा."

बाईंनी केला.

*

मग जागेचा फोटो मोबाइलवरून पाठवायचा होता. पाड्यात रेंज नाही. गुरुजी टेकडीवर चढले, रेंज मिळाली आणि त्यांनी तिथेच फोटो काढून पाठवला.

आठवड्याने ऑफिसातून फोन. "गुरुजी, फोटोत नुसतं गवत आहे. शाळा कुठंय?"

"साहेब, शाळा खाली आहे. तिला रेंज नाही."

*

वनखात्याचा माणूस यंत्र घेऊन मोजणीला आला. हद्द निघाली ती बरोबर आमच्या चालू वर्गातून. फळा जंगलात, पोरं गावात.

समितीच्या अध्यक्ष यमुनाकाकी शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे शिकवायला परवानगी लागंल. शिकायला नाय."

*

मार्चचे चार दिवस उरले, तेव्हा वनखात्याचे मोठे साहेब स्वतः आले. गुरुजींनी परवानगीचे कागद टेबलावर मांडून ठेवले होते.

साहेबांनी नकाशा बघितला. "नव्या खोलीच्या मधोमध हे मोहाचं झाड येतंय. तोडणार का?"

"नाय," यमुनाकाकी म्हणाल्या. "पोरं त्याच्याखाली जेवतात."

"मग खोली?"

"मागं सरकवा."

"अहो काकी, मागं सरकवली तर ती जंगलात जाते."

"जाऊ द्या की. आम्ही लहानपणापासून जातो. जंगल कधी नाय म्हनलं नाय. तुमचीच सही र्‍हायलीय."

साहेबांनी खिसा चाचपला. गुरुजी टोपण काढलेलं पेन पुढे धरून उभे होते.